अण्णांच्या इंजिनाला मीटर

रविवार, १७ जानेवारी. संध्याकाळ.

आज अण्णांच्या इंजिनाला स्पीडचा मीटर बसवला. त्यांनीच सांगितलं, हेच मनातून जात नाही.

छावणीतल्या घरामागं थोरले अण्णा आणि मी, आम्ही दोघा भावांनी रूळ टाकले, वर बसून चालवायचं हे छोटं इंजिन बांधलं. तेव्हा मी मीटर लावू म्हटलं तर केवढे हसले होते! तीस वर्षं रेल्वेची इंजिनं चालवलेला माणूस. रुळांच्या सांध्यांची खटखट ऐकून वेग सांगायचे आणि तो बरोबर निघायचा. गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. पण खटखटसुद्धा?

सकाळी वळणावर जोरात गेले, इंजिन घसरलं, कोपर सोललं. हळद लावताना हळूच म्हणाले, "मीटर बसव रे. मला आता ऐकून कळत नाय."

सायकलचा मीटर औरंगपुऱ्यातून आणला. चाकाला लोहचुंबक चिकटवलं, चाकाचा घेर मोजून मीटरमध्ये भरला. दोनदा मोजला.

उन्हं उतरल्यावर निघालो. ते पुढं, मी मागं. मीटरवर सहा आलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सहा." मग मान वळवून विचारलं, "सहा म्हंजे लई व्हय रे?"

"नाही अण्णा, बरोबर आहे."

वळण आलं तसा मी त्यांच्या खांद्यावरून हात नेला आणि वेगाच्या हँडलवरच्या त्यांच्या हातावर ठेवला. वाटलं, झिडकारतील. त्यांनी आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.