आंधळगावच्या चौकातला फ्लेक्स

९ जानेवारी
फ्लेक्स लागला! चौकात, पानठेल्याच्या वर. डिंपलचा मोठा फोटो, खाली — 'कॅन्सरवर औषध शोधणारी आंधळगावची कन्या'. मजकूर माझाच. बापानं नाही मिरवायचं तर कोणी?

१० जानेवारी
नागपूरहून डिंपलचा फोन. कोणीतरी तिला फोटो पाठवला. "बाबा, काहून लिहिलं असं? लॅबमध्ये काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या, बस. उंदरालेही अजून दिलं नाही. बहुतेक औषधं तर मधातच बाद होतात. काढा तो फ्लेक्स."
काढतो म्हणालो. काढला नाही. परवा ग्रामपंचायतीत डिंपलचा बाप म्हणून माझा सत्कार आहे.

१४ जानेवारी
शेजारच्या सुखरामला गालाचा कॅन्सर आहे — तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन. काल नागपूरला ऑपरेशन होतं, अर्धा जबडा काढणार होते. आज बघतो तर अंगणात बसलेला! त्याची बायको गोदावरीबाई हसत म्हणाली, "नाही गेलो, भाऊ. कायले तोंड कापाचं? आपल्या डिंपलचं औषध येऊनच राहिलं."
तिनं चहा दिला, तो मुकाट्यानं प्यायलो आणि उठून आलो. लिहायलाही लाज वाटते.

१७ जानेवारी
फ्लेक्स उतरवला. मग हिंमत करून सुखरामकडे गेलो. म्हटलं, औषध अजून कच्चं आहे, ऑपरेशन करून घ्या.
"मंग बोर्डावर काहून होतं?" गोदावरीबाईनं विचारलं.
एवढंच सांगायचं होतं, की ते मी लिहिलं, मोठेपणासाठी. म्हणालो — फ्लेक्सवाल्यानं चुकीचं छापलं.
सुखरामला आता नीट बोलता येत नाही. हळूच म्हणाला, "औषध मोठ्या लोकायसाठी ठेवलं असन, भाऊ. आमी समजतो."
जेवण गेलं नाही. डिंपलला फोन करून सगळं सांगितलं, फ्लेक्सवाल्याचंही. शेवटी मीच फोन ठेवला.

१९ जानेवारी
डिंपल पहिल्या एसटीनं आली, परस्पर सुखरामच्या घरी गेली. दुपारी दोघांना घेऊन निघाली, ऑपरेशनला. गोदावरीबाई आमच्या दाराशी क्षणभर थांबली. "पोरगी आमच्या पाया पडली, भाऊ. म्हणे, बाबाले माफ करा."
डिंपल ऑटोत बसून होती. आमच्या घराकडे तिनं पाहिलं नाही.