कायद्यात बाळ आजारी पडत नाही

२६ ऑक्टोबर ९९, मंगळवार
बाळ घरी आलं. पाच आठवडे काचेच्या पेटीत होतं, आज पहिल्यांदा माझ्या गादीवर. एक किलो नऊशे. साडेसातव्या महिन्यात झालेली पोर, अजून नाव ठेवायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिने जपा. छातीशी धरून ठेवा. आई नाहीतर बाबा, कुणाच्याही अंगाची ऊब चालते." विलासनं तिथंच शर्टाची वरची बटणं सोडली. नर्स हसायला लागली.
मी मात्र मनात आठवडे मोजत होते. बाळंतपणाची रजा बारा आठवडे. त्यातले पाच हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून संपले. पेटीजवळ जायला मिळायचं दिवसातून दोनदा. ही कसली बाळंतपणाची रजा? उरले सात. तेरा डिसेंबरला कामावर हजर. माझी आई नाही, सासूबाई पिंपळगावला अंथरुणावर. सांभाळणार कोण?
बाळ जितकं अशक्त, तितकी आईची रजा कमी उरते. हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा... उठली. पुढचं नंतर.

३ नोव्हेंबर, बुधवार
वि.नं काल मालकाकडं रजा मागितली. सातपूरला लेथवर आहे, सहा माणसांचं शेड. मालक म्हणे, "बाळंत तू झालास का ती?" सगळे हसले. वि.पण हसला.
"तू का हसलास?"
"मग काय रडू तिथं?"
आज सकाळी डबा त्याच्या हातात न देता ओट्यावर ठेवला. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, बाळाला शर्टात घेऊन दोन तास भिंतीला टेकून बसला. हलला नाही. राग त्याच्यावर काढून उपयोग नाही, हे कळतं.
शेजारचे वाघ भाऊजी केंद्र सरकारी नोकरीत. गेल्या वर्षी मुलगा झाला तेव्हा त्यांना बाप म्हणून पंधरा दिवस मिळाले. त्यात गॅलरीला ग्रिल बसवून घेतलं आणि मेहुणीच्या लग्नाला जाऊन आले. वि.ला पंधरा तास नाहीत. सरकारी बाप वेगळा, खाजगी बाप वेगळा.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
बाळाला वाघवहिनींकडं ठेवून अंबडला कंपनीत गेले. पर्सोनेलच्या साहेबांना अर्ज दिला. रजा बाळ घरी आल्यापासून मोजा. ते नाही तर चार महिने अर्धा दिवस काम, अर्धा पगार. आठ वर्षं स्विचच्या लाइनवर तपासणीला आहे, एक लेट मार्क नाही.
साहेबांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडं सरकवला. "मंदाताई, कायद्यात आहे ते देतोय. त्याच्या बाहेर एक दिवस नाही."
"कायद्यात पाळणाघर पण आहे."
"तीसच्या वर बायका असतील तर. आपल्याकडं तीस."
बरोबर तीस. मी लागले तेव्हापासून तीसच. एक सोडून गेली की एकच घेतात. पॅकिंगला ठेकेदाराच्या वीस-बावीस आहेत, त्या बहुतेक बायका नसाव्यात.
गेटवर त्यांच्यातलीच हिराबाई भेटली. हरसूलची. बाळाचं विचारलं तिनं. मी म्हटलं, तुझी पोर कशी आहे?
"आईकडं हाय, गावाला. पंधराव्या दिशी आले ना मी कामावर. ठेकेदार म्हनला, नाय आलीस तर दुसरी उभी हाय." हसतच सांगत होती. पोर आता चौदा महिन्यांची. महिन्यातून एकदा बघायला जाते.
दोन वर्षं एका कॅन्टीनमध्ये जेवतोय. हे मी तिला आज पहिल्यांदा विचारलं.

२९ नोव्हेंबर, सोमवार
बाळ दोन किलो सहाशे. नाव ठेवलं, सई. आठवड्यात दोनदा दूध छातीत जाऊन निळी पडली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तिला अजून आईची गरज आहे असं लिहून द्या.
"लिहीन, पण उपयोग नाही. बाळ आजारी म्हणून आईला रजा, असं कलमच नाही. वेळेआधी बाळंतपण होऊन तुम्ही आजारी पडलात तर एक महिना जास्त मिळतो. तुम्हाला आजारी लिहू?"
"मी ठणठणीत आहे."
"मग तिला घेऊन लाइनवर उभ्या राहा." चिडून नाही बोलल्या. दिवसातून चार जणींना हेच सांगत असणार.
लिहिलं. अशक्तपणा, रक्त कमी, एक महिना विश्रांती. खरं बोलले तर शून्य दिवस, खोटं बोलले तर तीस. कायद्यात बाळ आजारी पडतच नाही. सर्टिफिकेट कंपनीत देऊन आले. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "खरंच अशक्त दिसताय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ डिसेंबर, रविवार
युनियनची कमिटी, आहेरभाऊंच्या घरी. ते सेक्रेटरी. कमिटीत बाई मी एकटी. एकोणीसला मुंबईहून समिती येणार, कामगार कायद्यात काय बदल हवेत ते ऐकायला. युनियननं लेखी सूचना द्यायच्या. मी माझं मांडलं. रजा आईबाप दोघांच्या नावानं असावी, त्यांनी हवी तशी वाटून घ्यावी. सलग घ्यायची सक्ती नको, अर्ध्या-अर्ध्या दिवसानं घेता यावी. बाळ हॉस्पिटलात असेल ते दिवस धरू नयेत.
लगेच सुरू झाले.
"बाप्याला रजा दिली तर पत्ते कुटत बसंल."
"दरवर्षी पोर काढतील लोक."
ज्याचं लेकरू मागच्या महिन्यात झालं तोच सगळ्यात मोठ्यानं हसत होता.
आहेरभाऊ म्हणाले, "मंदा, बापाचं तेवढं काढ. लोक हसतील."
"हसू देत."
"आपल्या बाकीच्या मागण्यांनापण हसतील, त्याचं काय?"
मुद्दा खरा होता, म्हणून जास्त चीड आली. हात वर केले. माझ्या बाजूनं तिघं, मी धरून. चहा न पिता निघाले. आहेरवहिनी दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "बरोबर बोललीस." आत का नाही बोलल्या?

१९ डिसेंबर, रविवार
सभा. हॉल भरलेला. सई वि.कडं, मागच्या रांगेत. कारखानदारांच्या वतीनं एक गृहस्थ बोलले, सुटातले, गोड आवाज. "रजा वाढवली तर उद्या महिलांना कुणी कामावर घेणारच नाही. आम्ही त्यांच्याच भल्याचं सांगतोय."
भल्याचं! माझं नाव यादीत नव्हतं. उभी राहिले. आहेरभाऊंनी बाही ओढली, सोडवून घेतली. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, त्यांनी खूण केली, बोला.
पेटीतले पाच आठवडे सांगितले. वि.च्या मालकाचं सांगितलं. आवाज फाटत होता. अध्यक्षांनी विचारलं, "वडिलांना रजा दिली तर नोकरी देताना स्त्री-पुरुष फरक राहणार नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?"
"हो साहेब. दोघंही सारखेच अडचणीचे होऊ देत."
हॉल टाळ्या वाजवत हसला. पण या वेळी माझ्यावर नाही. वर्षात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.
मग ते म्हणाले, "तुम्ही कायम आहात. ज्या कायम नाहीत त्यांचं काय?"
मला थांबायला हवं होतं. मी भरात होते. म्हटलं, आमच्याकडं पॅकिंगला हिराबाई आहे, ठेकेदाराची, पंधराव्या दिवशी कामावर आली. कंपनीचं नाव, तिचं नाव, सगळं.
तिसऱ्या रांगेत आमचे पर्सोनेलचे साहेब. खिशातून पेन काढताना दिसले.

२१ डिसेंबर, मंगळवार
कंपनीतून निरोप, भेटायला या. गेले. सर्टिफिकेट टेबलावर.
"सभेत एवढं बोलता येतं, तर लाइनवर उभं राहता येईल. उद्या हजर व्हा. नाहीतर हे सर्टिफिकेट चौकशीला जाईल, तुमच्या डॉक्टरचं नावपण जाईल."
खोटं मी लिहून घेतलं होतं. खरं बोलायची सोय ठेवली नव्हती, हे सांगायचं कुणाला?
जाताना पॅकिंगकडं वळले. हिराबाईच्या जागी दुसरी. "तिला कालपासून बंद केलं. गावाला गेली," म्हणाल्या बाकीच्या. माझ्याकडं कुणी बघेना.
मी तिचं नाव घेतलं. तिला विचारून? नाही. टाळ्या मला, घरी ती.

२२ डिसेंबर, बुधवार
हजर झाले. वि.नं मालकाच्या तीनदा मिनतवाऱ्या करून दुसरी पाळी घेतली. सकाळी तो बघणार, दुपारी तीनला निघणार. मला पोचायला पाच. मधले दोन तास वाघवहिनी.
बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायची सुट्टी, हेही कायद्यात आहे. बाळ घरी, नाशिक रोडला, मी अंबडला. सुट्टी घेतली. संडासात उभी राहून दूध पिळून टाकलं. दोनदा. कायद्याप्रमाणे.
साहेबांनी रजिस्टरला नोंद करून घेतली, सवलत दिली म्हणून.

१० जानेवारी २०००, सोमवार
आहेरभाऊंनी समितीला पाठवलेल्या सूचनांची प्रत दिली. हॉस्पिटलचे दिवस धरू नयेत, हे आहे. वडिलांचं काढलंय. अर्ध्या दिवसाचं "व्यवस्थापनाच्या सोयीनुसार" केलंय. म्हणजे काढलंच. ठेकेदाराकडच्या बायकांबद्दल एक शब्द नाही.
"त्यांना तर आत्ताच्या कायद्यानंही बारा आठवडे आहेत," भाऊ म्हणाले. "ऐंशी दिवस काम भरलेलं हवं, बस. कुणी मागतच नाही."
"तुम्हाला माहीत होतं?"
वर बघत राहिले पंख्याकडं.
त्यांच्यावर ओरडले असते तर मला कुणीतरी विचारलं असतं, तू आठ वर्षांत का नाही विचारलंस?
अर्ज लिहायला घेतला. हिराबाईच्या नावानं, कामगार अधिकाऱ्यांकडं. बाळंतपणाची रजा दिली नाही, आता कामावरून काढलं. पॅकिंगमधल्या दोघी साक्ष देतो म्हणतात. कुजबुजत म्हणतात, पण म्हणतात.

१६ जानेवारी, रविवार
हरसूलला गेलो, वि., मी, सई. एसटीत वि.नं तिला शर्टात घेतलेली. समोरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. या वेळी वि. हसला नाही. त्यांना म्हणाला, "ऊब लागते तिला." एकीनं आपली शाल काढून दिली.
हिराबाई अंगणात नागली पाखडत होती. मला बघून उठली नाही. तिची पोर पाठीला चिकटलेली.
"पहिले दोन दिस मला बघून रडायची," म्हणाली. "वळखायचीच नाय. आता सोडत नाय."
मी माफी मागितली. ती पाखडत राहिली. अर्ज वाचून दाखवला, कायद्याचं सांगितलं.
"म्हंजे मला तवाच रजा व्हती?"
"होती."
"कुनी सांगितलं नाय."
"नाही."
सूप खाली ठेवलं तिनं. पहिल्यांदाच तिला चिडलेली बघितली. ओरडली नाही, नुसते ओठ आवळले.
"अर्ज दिला तर परत घेतील कामावर?"
"घेतील किंवा नाही. भांडावं लागेल."
"आन् घेतलं तर हिला कुठं ठेवू?"
वि. सईकडं बघत बसला.
"सभेत माझं नाव घेतलं ते कागदावर लिवलं असंल का त्यांनी?"
"असेल."
"आता मला इचारल्याबिगर घेऊ नका."
"नाही घेणार. विचारायलाच आले. अंगठा देशील?"
तिनं अर्ज घेतला, उलटसुलट बघितला. पोरीला काखेत घेऊन आत गेली. परत आली तेव्हा पोर काखेत, हातात कागद नाही.
"ठेवलाय. दोन दिस द्या मला, ताई."