कढईचं झाकण उघडू नकोस

दादा,

आल्या आल्या कढईत बोट घालून चाटायची तुझी खोड, म्हणून हा कागद झाकणालाच चिकटवलाय. त्या पालक पनीरला हात लावू नकोस. फेकूही नकोस, दवाखान्यात कदाचित मागतील.

पनीर मी घरीच केलं. लिंबं संपली होती, म्हणून मिठाशेजारच्या बरणीतली पांढरी पावडर लिंबूसत्व समजून उकळत्या दुधात दोन चमचे टाकली. दूध झटक्यात फाटलं आणि मी खूश! आईने वाटीभर खाल्लं. घसा जळतोय म्हणाली, तेव्हा मी बरणी उलटी करून पाहिली. बुडाला तुझ्या फर्निचरच्या पॉलिशचे डाग.

लाकूड साफ करायची ती पावडर स्वयंपाकघरात ठेवू नकोस, असं शंभरदा ओरडले होते. "कोण खातंय ती!" म्हणालास. आईने खाल्ली, दादा.

दवाखान्यात फोन केला. ओकारी काढू नका, ताबडतोब आणा म्हणाले, आणि पावडर कोणती ते विचारताहेत. बरणीवर नाव नाही आणि तुझा फोन इथेच चार्जिंगला पडलाय. हे वाचलंस की चपलाही न काढता मला फोन लाव आणि नाव सांग.

गाडी खाली आली. आई विचारतेय, तू का सारखी पाणी पितेस? तिला सांगितलेलं नाही, पण मीठ बघायला मीही खाल्लं होतं. माझाही घसा जळतोय. मी फोन उचलला नाही, तर आईच्या फोनवर लाव.