बाविसावी पायरी

४ मार्च
उघडलं एकदाचं वाचनालय! समारंभात विचारलं, तुमची पद्धत काय? म्हटलं, आधी माणसं बघते, मग भिंती उभ्या करते. टाळ्या. बाबा पहिल्या रांगेत. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस — शेजारच्याला सांगत होते, "लेक माझी!" मोजल्याशिवाय कात्री लावू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

६ मार्च
तासभर जिन्याजवळ बसले. बाविसाव्या पायरीवर अकरा जण अडखळले. अकराही जण ओशाळून स्वतःलाच हसले.

७ मार्च
मोजलं. एकवीस पायऱ्या सहा इंच. शेवटची सात! वरच्या मजल्याला ऐन वेळी जाड फरशी मीच निवडली — देखणी म्हणून. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच उंची शिकतो, मग बघत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, मी!
कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, सगळी फरशी उखडावी लागेल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? लोकांना होते सवय." शाळेच्या इमारतीचं काम कुणाला द्यायचं ते पुढच्या आठवड्यात ठरतंय. तोवर अळीमिळी गुपचिळी. लाज वाटते मला.

९ मार्च
उद्या वाचनालयाला पायरीबद्दल पत्र लिहायचं. नक्की.

१२ मार्च
लिहिलं नाही.

१३ मार्च
बाबा रोज वर पेपर वाचायला जातात. लिफ्टने जा म्हटलं, तर म्हणे, "तुझा जिना असताना?" जेवताना मध्येच विचारलं, "काय गं, पायऱ्या सगळ्या सारख्याच असतात ना?"
"हो, बाबा."
ते ताटाकडे बघत राहिले. "मग माझेच पाय म्हातारे झाले म्हणायचे."
मी त्यांच्या ताटात भात वाढला.

१६ मार्च
शाळेचं काम मिळालं! बाबांनी पाठ थोपटली. हात नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाठीवर राहिला. आता मात्र उद्या कळवतेच.

१७ मार्च
सकाळी अकराला वाचनालयातून फोन. बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय, डोक्यालाही मार. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? म्हणाले, "वय झालं, दुसरं काय." माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च
रात्रीपासून बाबांना शुद्ध नाही. नर्सबाईंनी त्यांच्या खिशातल्या वस्तू दिल्या — चष्मा, टेप, घडी घातलेली चिठ्ठी. गिऱ्हाइकाची मापं लिहायचे तसे एकाखाली एक आकडे. एकवीस वेळा सहा. शेवटी सात. खाली नेहमीसारखी तारीख: १२ मार्च.
मला विचारलं ते तेराला.