नेच्यांची माती

३ ऑगस्ट
श्री गुरुदेव दत्त. अधारतालच्या नव्या घरी सामान लागलं. वर आम्ही दोघं, खाली घरमालकीण अवंतिकाताई. नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, मुळाशी राहणाऱ्या बुरशीवर त्या संशोधन करतात, अंगणभर कुंड्या. म्हणाल्या, बुरशी मुळांना पाणी आणून देते, बदल्यात साखर घेते. दोघांचा संसारच तो! हे म्हणाले, आपल्यात बुरशी कोण ते विचारू नको. खूप हसलो.

५ ऑगस्ट
तुळशीला माती हवी होती. कुंड्यांतून काढलेली माती ताई भट्टीत भाजून मगच फेकतात. दोन घमेली काळीभोर माती पडून होती, ताई गावाला. चांगली माती जाळून वाया काहून घालवायची? उचलली, गॅलरीतलं वृंदावन भरलं.

१४ ऑगस्ट
तुळस कमरेएवढी! तीर्थात रोज तिचंच पान. यांची उपाशीपोटीची साखर दोनशेदहावरून एकशेवीस. महाराजांची कृपा. हे म्हणून राहिले, डॉक्टरपेक्षा बायको बरी, फी घेत नाही.

१९ ऑगस्ट
साखर अठ्ठ्याऐंशी. मीच गोळ्या बंद केल्या. हे दिवसभर तुळशीपाशी अनवाणी बसतात, पायांना गार वाटतं म्हणे. परवापासून पाण्याचा घोट नाही, तरी ओठ ओले.

२२ ऑगस्ट
एकसष्ट. पेढे भरवले. तासाभराने अठ्ठावन्न. खाल्लेलं जातं कुठे? पायाच्या नखांखाली पांढरं सूत दिसलं. वातीचा कापूस असेल म्हणून ओढलं, तर हे कळवळले.
अन् तुळस हलली. वारा नव्हता.

२३ ऑगस्ट, सकाळी
ताई आल्या. वृंदावन पाहिलं. काकू, ये मिट्टी किसने डाली, म्हणून घाबरून हिंदीतच ओरडल्या. सांगितलं. दवाखान्यात न्यावं तर यांचे पाय फरशीवरून सुटेनात. ताई म्हणाल्या, ओढू नका, बुरशीचं सूत एकदम तुटलं तर जीव जाईल. दुसरं कुणी मिळालं तर कदाचित सोडेल — अन् डॉक्टरांना आणायला धावल्या.

अकरा वाजता
चाळीस. शुद्ध नाही. गुळाचं पाणी वृंदावनात ओतलं — त्याला नको ते. माणूसच —
दत्ता, सांभाळ. उजवा हात कोपरापर्यंत मातीत —

दुपारी
डाव्या हाताने लिहिते. यांचे पाय सुटले! उठून बसले, भिंत धरून आत गेले. काही आठवत नाही त्यांना. आतून हाका — चहा टाक ना, तिथे काहून बसली —

येते म्हटलं. येते.

कोपराच्या वर चढलं. दुखत नाही. गार —

हे येऊन राहिले. रुसली का म्हणतात. हाताला धरून उठवतो म्हणतात — अहो, नका — ओढू न