शनिवारपर्यंत पुसायचे नाही

कोल्हापूर, २ जानेवारी २०२५

ती. शांताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला फोन सोसत नाही आणि मोबाइलवरची अक्षरे तुला मुंग्या वाटतात, म्हणून हे पत्र. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा बरा आहे.

एक गोष्ट तुला आधी सांगते. बाबांना अजून सांगितलेली नाही. पुण्याच्या एका कंपनीने मला बोलावले आहे. काम यंत्रांच्या चाचणीचे, माझ्या शिक्षणाला धरून. २५ तारखेपर्यंत होकार द्यायचा आहे आणि मी तो देणार आहे. तंत्रनिकेतनात दीड वर्ष शिकवून पाहिले. वर्गात एकेचाळीस विद्यार्थी. डिसेंबरात मोजले: तीन आठवड्यांत मी साठ प्रश्न विचारले, उत्तरे आली चार, तीही सगळी अनुजा नावाच्या एकाच मुलीची. त्यातली दोन चूक होती. मी लगेच दुरुस्त करून फळा पुसला. त्यानंतर तीही बोलत नाही. निष्कर्ष स्पष्ट आहे: मला शिकवता येत नाही. याचे फार दुःख आहे असे नाही. तू तेहतीस वर्षे शिकवलेस, म्हणून तुला बाहेरून कळू नये.

लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.
तुझी,
शांभवी

गारगोटी, ७ जानेवारी

चि. शांभवीस,
अ. उ. आ.

दुःख नाही म्हणतेस आणि प्रश्न मात्र साठ मोजतेस! सायकल शिकताना पडलीस तरी आधी कुणी बघितलं का ते बघायचीस, गुडघा नंतर. तीच तू.

मी तुला थांब म्हणणार नाही. पण एक कर. इथून नऊ किलोमीटरवर केरबाची शाळा आहे. माझा जुना विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला, आता मुख्याध्यापक. गावातले बिघडलेले पंखे, मिक्सर, फवारणीचे पंप शाळेत येतात आणि पोरे ते उघडतात. त्यातच त्यांचे विज्ञान, त्यातच गणित. लोक लांबून बघायला येतात. एक दिवस जाऊन ये, मग खुशाल पुण्याला जा. केरबाला निरोप दिला आहे. त्याच्यापुढे इंग्रजी फाडू नकोस. तो घाबरायचा नाही, हसेल मात्र.

तिळाच्या वड्या केल्या आहेत, येताना घेऊन जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.
तुझी आत्या

कोल्हापूर, १६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल शाळा पाहिली. तुझ्याकडे न येता परतले, त्याचे कारण पुढे येईल.

मधल्या खोलीत लांब टेबल आहे. त्यावरच्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कुणाची, काय होते. मुले आधी आपला अंदाज नावासह फळ्यावर लिहितात, मग वस्तू उघडतात. चुकलेला अंदाज शनिवारपर्यंत पुसायचा नाही, आणि पुसायचा तो लिहिणाऱ्यानेच. शनिवारी प्रत्येक जण आपण का चुकलो ते सांगतो आणि मगच फडके हातात घेतो. काल फळ्यावर सतरा अंदाज होते, त्यांतले अकरा चुकलेले.

मी वही काढून बसणार, तोच केरबा सर म्हणाले की इथं पावण्यांना नुसतं बघायला मिळत न्हाय, एक वस्तू त्यांनी बी उघडायची. माझ्यापुढे गोठ्यातला एक टेबलफॅन आला. बटण दाबले तर नुसती घरघर, पाती फिरेनात. मी बसल्या जागेवरून सांगून टाकले की कपॅसिटर गेला आहे. सहावीतल्या राजनंदिनीने माझ्या हातात खडू दिला आणि लिहायला लावले. मग तिने प्लग काढला, जाळी सोडवली आणि बोटाने पाते फिरवून पाहिले. ते अडकले होते. दांड्याभोवती म्हशीचे केस आणि जुने तेल यांचा घट्ट गोळा झाला होता. तो काढून तिने तेलाचे दोन थेंब सोडले. पंखा फिरला. कपॅसिटर उत्तम होता. मी मोजून पाहिला.

पाते हाताने फिरवून पाहणे ही पहिली पायरी. मी ती विद्यार्थ्यांना लिहून देते. उत्तर माहीत आहे असे वाटले, म्हणून हात लावला नाही.

माझा हात आपोआप फळ्याकडे गेला. राजनंदिनीने फडके पाठीमागे लपवले आणि म्हणाली की मॅडम, आज बुधवार हाय की. पोरे हसली. तिनेच पुढे विचारले की कॉलेजात बी चुकल्यालं चालतं काय. वही पिशवीत टाकून मी थेट कोल्हापूरची बस धरली. त्या अवस्थेत तुझ्यासमोर यायचे नव्हते.

पुण्याचा होकार अजून पाठवलेला नाही. त्यातून काही अर्थ काढू नकोस.
तुझी,
शांभवी

गारगोटी, २० जानेवारी

चि. शांभवीस,
अ. उ. आ.

अर्थ काढला नाही. फक्त वड्यांचा डबा झाकून ठेवला. तुझी बस माझ्या दारावरून गेली तेव्हा तू पलीकडे तोंड करून बसली होतीस, हे कंडक्टरने सांगितले. तोही माझाच विद्यार्थी, विसरलीस वाटते.

काल केरबा आला होता. शनिवारी सगळा फळा पुसला गेला, तुझी ओळ सोडून. लिहिणारी नाही, मग पुसणार कोण? पोरांनी तिच्याभोवती खडूने चौकट केली आहे: कपॅसिटर, शांभवी मॅडम. पंख्याचा मालक ती वाचून गेला आणि म्हणाला की एवढ्या शिकलेल्या बाईला म्हशीचं क्यास कुठलं ठावं असणार.

मी केरबाला म्हटले, बाबा, पुसून टाक, पोर मानी आहे. तर म्हणतो की बाई, नियम तुमचाच हाय. मी चौथीत दुसऱ्यांदा बसलतो, तवा माझी चुकल्याली गणितं तुम्ही पुसू दिली न्हाईसा, कुठं चुकलं ते रोज माझ्यासंगं बघत बसायचासा, म्हणून शाळेत टिकलो. मला ते आठवतही नाही.

तुला जे करायचे ते कर. ओळ मात्र तिथेच राहणार.
तुझी आत्या

कोल्हापूर, २२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज मिळाले.

काल मी वर्गात एक बंद पडलेला पॉवर सप्लाय नेला. दोष मलाही माहीत नव्हता. आधी माझा अंदाज नावासह फळ्यावर लिहिला आणि तो शनिवारपर्यंत कुणी पुसायचा नाही असे सांगितले. मग अनुजा उठली आणि माझ्या ओळीखाली तिने आपला अंदाज लिहिला. तास संपताना फळ्यावर नऊ होते. माझा चुकला. तिचाही. एकेचाळिसांत नऊ हा आकडा मोठा नाही, हे मला कळते.

पुण्याला नकार कळवला. कारण त्यांना लिहिले नाही, तुला लिहिते: मला शिकवता येत नाही हा निष्कर्ष मी हात न लावताच काढला होता. बरोबर असेल किंवा चूक; आधी पाते फिरवून पाहते.

परवा सोडून शनिवारी सकाळी सहाच्या बसने निघते. वर्गातली माझी ओळ सोमवारपर्यंत थांबेल, असे मुलांना सांगितले आहे. आधी केरबा सरांची शाळा, मग तुझ्याकडे वड्यांना. बस दारावरून जाईल तेव्हा बाहेर उभी राहा. या खेपेस माझे तोंड तुझ्याच बाजूला असेल.

तुझी,
शांभवी