कानातली टिकटिक

३ फेब्रुवारी

स्टुडिओचा पहिला दिवस. काचेपलीकडे प्रोड्यूसर, अलीकडे मी आणि दादा. ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार आधीच रेकॉर्ड झालेत — हेडफोन लावला की छातीत धडधडतं. मला आवडलं! खोटं कशाला लिहू? आजवर नुसता माझा गळा आणि दादाचा डफ. आज माझीच गाणी बाह्या सरसावून उभी राहिली.

दादाचं मात्र जमेना. हेडफोनमध्ये क्लिक असतो — एकसारखी टिकटिक, तिला धरूनच वाजवायचं. दादा वाजवतो तो माझ्या खांद्याकडे बघून. मी दम घेतला, खांदा उचलला, की तो थांबतो. मी ओळ लांबवली की तोही रेंगाळतो. लहानपणापासून असंच. टिकटिक कुणासाठी थांबत नाही. "या घड्याळाशी आपलं लग्न कुणी लावलं गं?" म्हणाला. सगळे हसले.

५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. प्रोड्यूसरच्या कपाळाला आठ्या.

६ फेब्रुवारी

प्रोड्यूसर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, डफ मशीनवर करून घेतो. त्यांना तुम्हीच सांगा."

सांगितलं. तेही सगळ्यांसमोर, हसत — "दादा, तुझं वय झालं आता, राहू दे!" चेष्टेत सांगितलं की बोचत नाही असं वाटलं मला. काय ही अक्कल! दादानं हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली. "बरं," म्हणाला. डफ पिशवीत घालायला मदत करू लागले तर — "तू गा. लोक खोळंबलेत."

मग गायले. छान झालं म्हणाले सगळे. मला दादाची रिकामी खुर्ची दिसत होती.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन नाही. मी तरी कुठल्या तोंडानं करू?

१७ फेब्रुवारी

मिक्स ऐकलं. गिटार कडक, ड्रम्स कडक, आवाज काचेसारखा स्वच्छ. पण मी कुठे दमच घेत नाही! विचारलं, तर प्रोड्यूसर म्हणाला, "श्वास कापलेत सगळे. स्वच्छ वाटतं ना?"

फार वाईट वाटलं. भरल्या ताटावरून उठवलं मी दादाला, आणि वाढून घेतलं हे!

हट्टच धरला — शेवटचं गाणं ड्रम्सशिवाय, क्लिकशिवाय. फक्त मी आणि दादा, समोरासमोर. प्रोड्यूसरनं नाक मुरडलं, पण हो म्हणाला.

१८ फेब्रुवारी

दादाकडे गेले. दार वहिनीनं उघडलं. "वन्सं, ह्यांचं काही खरं नाही! उठल्यापासून मोबाइलवर टिकटिक लावतात आणि बडवत बसतात. माझी भाजीसुद्धा त्याच ठेक्यात चिरली जाते आता." हसत सांगत होती. मीही हसले, मग गलबलून आलं. एवढं लागलं त्याला!

दादा बाहेर आला. गाण्याचं सांगितलं, तर लगेच, "येतो की! शुक्रवारी ना?" इतका सहज म्हणाला की माफी ओठांवरच राहिली. येतोय ना, मग कशाला उकरून काढायचं — अशी समजूत घातली स्वतःची. भित्री मेली!

२० फेब्रुवारी

उद्या गाण्याआधी सांगेन त्याला. चुकलं म्हणेन. नक्की.

२१ फेब्रुवारी

दादा आला तो थेट खुर्चीत बसला, डोळे मिटले. बोलायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या कडव्यात मी ओळ लांबवली. डफ पुढे निघून गेला. पुन्हा गायले, खांदा मुद्दाम उंच उचलला. पुन्हा पुढे.

काचेमागून प्रोड्यूसर ओरडला, "वा! एक ठोका इकडचा तिकडे नाही!"

दादानं डोळे उघडले. चेहरा नुसता फुलला होता. "आता जमतंय ना गं मला?"

हो म्हणाले.